चिंच नसलेलं टेशन

गाव सोडून पोराकडे, अशोककडे राहाले निघालो त्या दिवशी टेम्पोत खाट मावली नाही, अन् अशोकची मायही आली नाही. मोसंबीचा तोडा झाल्याबिगर ती हलणार नव्हती. मी टेम्पोतून वाकून सांगितलं, "नागपूरच्या आधीच्या टेशनवर उतरजो वं. फलाटाच्या तोंडाशीच मोठी चिंच हाये. कोणाले विचारू नको, लोक फसवतात."

गावच्या मंडळींनो, ते टेशन तुमच्याही पाहण्यातलं. जवानीत आपण संत्र्याचे टोपले घेऊन तिथंच उतरत होतो. फलाट इतका खाली का पायरीवरून उडी मारा लागे. कोळशाचं इंजिन, एकच खोली, त्यातच मास्तर अन् त्यातच तिकिटं. मंग एसटी झाली अन् माझं तिथं जाणं सुटलं.

पंधरा दिवसांनी साळ्याचा फोन आला, बहिणीले पॅसेंजरमधी बसवून दिलं म्हणे. अशोक चिडला, "बाबा, आईले वाचता येत नाही, मोबाईल नाही. मी आणाले गेलो असतो नं!"

मी म्हटलं, "चौथी शिकलो म्हणून बापाले अडाणी समजतं का? खूण सांगितली हाये."

टेशनवर पोचलो अन् चिंच शोधाले लागलो. उंच फलाट, टाइल्स, लिफ्ट, पत्र्याचं छत. चिंच कुठीच नाही. तिकीटवाला म्हणे, "काका, ते झाड तर नव्या लाइनीत गेलं, केव्हाचंच." अशोकले फोन लावाले हात खिशात गेला, अन् वापस आला. कोणत्या तोंडानं लावू?

तेवढ्यात गाडी आली. थांबणार दोन मिनिटं. मी खिडक्या पाहत पळून राहिलो. "अशोकची माय!" ओरडलो, तं दोन भलत्याच बाया वळल्या. बायकोचं नाव चारचौघांत घेणं आमच्यात नाही, पन्नास वरसांत मी घेतलं नव्हतं. शिट्टी वाजली.

"पार्वती! ओ पार्वती, उतर!"

पुढच्या डब्यातून डोकं निघालं. "काहून बोंबलून राहिले जी? लोक पाहून राहिले! चिंच यायची हाये अजून!"

"चिंच तोडली! उतर वं, बाई!"

ती उतरली. थैली मागून कोणीतरी फेकली. मी तिथंच टाइल्सवर बसलो. ती म्हणे, "उठा, घरी चला."

तोवर अशोकच्या फ्लॅटात मी पाव्हणा होतो. त्या सांजेले पहिल्यांदा पोटभर जेवलो. मंडळींनो, तुम्ही याल तं आधी कळवजा. मी फलाटावर उभा राहीन, अन् एकेकाचं नाव घेऊन हाका मारीन.