दाताखालची ओढणी

ओगुलगेरेक म्हणजे 'मुलगा हवा'. तिच्या आधी तीन मुली झाल्या होत्या, म्हणून बापाने चौथीचं नावच असं ठेवलं की वरच्याला विसर पडू नये. मुलगा काही झाला नाही, नाव मात्र तिला जन्मभर वागवावं लागलं. आखचा शहराजवळच्या या तुर्कमेन गावात अशा नावाच्या चार बायका आहेत आणि चौघीही गालिचे विणतात.

ती मागाखालीच वाढली. आई विणायला बसण्याआधी मसुरीहून लहान अफूची गोळी दुधात विरघळवून बोटाने तिच्या तोंडात घाली, की पोर दुपारपर्यंत गप्प. इथे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पोर रडलं तर आई उठणार, आणि आई उठली तर गालिचा कोण पुरा करणार? सातव्या वर्षी ओगुलगेरेक स्वतः मागावर बसली. विशीत पाठ अशी धरायला लागली की सकाळच्या चहाबरोबर तीही गोळी घेऊ लागली.

लग्न होऊन ती बिबिसोल्तानच्या घरात आली. नवरा इराणात वीटभट्टीवर, वर्षातून एकदा यायचा. घरात सासू, सून आणि माग. नव्या सुनेने, म्हणजे गेलिनने, सासूसमोर ओढणीचं टोक दातांत धरायचं आणि ती एजे, म्हणजे सासूआई, मोकळीक देईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, ही आम्हा तुर्कमेनांची रीत. बिबिसोल्तान मनाची वाईट नव्हती, नुसती विसरभोळी होती. मोकळीक द्यायची राहूनच गेली. तिला स्वतःलाच इतकं बोलायचं असे की समोरचं माणूस बोलत नाही हे तिच्या ध्यानातही येत नसे.

"माझी सून म्हणजे देवमाणूस," ती शेजारच्या अनागुलला सांगायची. "चार वर्षांत माझं एक वाक्य तोडलं नाही!"

"तोडेल कशी? तोंडात कापड कोंबलंयस तिच्या," अनागुल म्हणायची, आणि दोघी खो खो हसायच्या. ओढणीआड ओगुलगेरेकही हसायची.

मग मुलगा झाला. त्याचं नाव बेगेन्च ठेवलं.

तो पाच महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. घरामागच्या तुकड्यात खसखशीची बोंडं भरली होती. बिबिसोल्तानने आदल्या संध्याकाळी त्यांना चिरा दिल्या होत्या आणि सकाळी ती अफूचा चीक खरवडायला गेली होती. ओगुलगेरेकने पहाटेच बेगेन्चला गोळी देऊन पाळण्यात ठेवलं आणि ती मागावर बसली. ऊन चढल्यावर सासू परत आली. पाळण्यातून जरासं कुरकुरणं ऐकू आलं.

"काय रे माझ्या राजा, विसरली वाटतं तुझी आई? बस गं गेलिन, तू उठू नकोस. मी देते."

तिच्या बोटांना ताजा चीक लागलेला होता. ओगुलगेरेकच्या घशात शब्द आले आणि ओढणीपाशी अडले. तिने गाठी ठोकायचा लोखंडी पंजा मागावर दोनदा आपटला.

"कळलं गं बाई, कळलं!" मागे न बघताच सासू म्हणाली. "काम खोळंबलंय तुझं. देतेच आहे ना."

ओगुलगेरेक अर्धवट उठली. तोवर बोट बाळाच्या तोंडात गेलं होतं. आता गेलंच आहे, जरा जास्त झोपेल, असं म्हणून ती पुन्हा बसली. त्यानंतर तिने नऊ ओळी विणल्या. दहावीला छाती दुधाने भरून आली म्हणून ती पाळण्यापाशी गेली, तर बाळाचे ओठ निळे पडले होते.

"थंडी बाधली माझ्या राजाला," म्हणत बिबिसोल्तानने ऊर बडवून घेतला. ओगुलगेरेक ओढणी चावून रडली. रडायला रीत आड येत नाही. तो गालिचा पुरा झाला आणि व्यापारी घेऊन गेला. कुणाच्या तरी घरात त्या नऊ ओळींवरून माणसं चालत असतील.

दोन वर्षांनी मुलगी झाली, मारल. ओगुलगेरेकची स्वतःची गोळी काही सुटली नाही, पण मारलला तिने अफूचं बोटही लावलं नाही. पोर दिवसभर टाहो फोडायची. विणकाम निम्म्यावर आलं.

"पोर आहे का मशिदीचा भोंगा?" सासू म्हणायची. सहा आठवडे तिने असं हसण्यावारी नेलं. मग पुन्हा बोंडं भरली, आणि एका सकाळी ती चिकाचं बोट घेऊन पाळण्याकडे वळली.

"नको, एजे."

बिबिसोल्तान जागीच थबकली. मग तिचा चेहरा फुलला. "अगं बाई! बोलली! अनागुल, ऐकलंस का गं, माझी सून बोलली! आणि मी मेली, मोकळीक द्यायची विसरलेच की! बोल गं लेकी, काय हवं ते बोल. नवी ओढणी घेते तुला. आधी हिला जरासं चाटवू दे, म्हणजे तुझा आवाज तरी नीट ऐकू येईल."

ओगुलगेरेकने उठून तिचं मनगट धरलं. "बेगेन्चला मी पहाटेच दिली होती, एजे. तुम्ही दुसऱ्यांदा दिलीत."

कुंपणापलीकडून अनागुल विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?" सासूने अगदी हळू विचारलं.

ओगुलगेरेकने गळ्याशी लोंबणारं टोक हातात धरून दाखवलं. सात वर्षं चावून त्याच्या दशा झाल्या होत्या. सासू बोट धुळीत पुसून आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली.

त्या दिवशी मारल संध्याकाळपर्यंत रडली आणि तिला कुणी गप्प केलं नाही. ओगुलगेरेकला त्या बोलघेवड्या बाईची फार दया आली. आपण हे सांगायला नको होतं, असंही वाटून गेलं.

"एजे, चहा आणू?" तिने विचारलं.

बिबिसोल्तानने स्वतःच्या ओढणीचं टोक दातांत धरलं आणि नुसती मान हलवली.