वरचा आकडा, खालचा आकडा

बेलापूरच्या शिवारात मोसंबीच्या बागा जोरात होत्या, त्या काळात कलमं बांधायची म्हटलं की लोक सहादेवला बोलावत. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटाची साल हलक्या हातानं चिरायची, मोसंबीचा डोळा, म्हणजे अंकुर, आत सरकवायचा आणि केळीच्या खांबाच्या वाळल्या सोपटानं आवळून टाकायचा, हे कसब त्याच्या हातात होतं. कालव्याखालची थोडी जमीन तो आणि बायको मनकर्णा मिळून करत. थंडी पडली की तो लोकांच्या बागांतून फिरे. पन्नाशी ओलांडली तरी गडी दणकट होता. दवाखान्याची पायरी कधी चढलो नाही, असं तो चारचौघांत सांगायचा.

एकाहत्तर साली त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आणि डावाही धुरकट झाला. चिरलेली साल नेमकी कुठं उघडली ते दिसेना. कलमांवर बसवलेले डोळे वाळू लागले. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण पुढच्या कामाला दुसऱ्याला बोलावू लागले. सहादेवला ते लागलं. श्रीरामपूरला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरणार असं कळलं, तेव्हा तो मनकर्णेला घेऊन पहाटेच निघाला.

शिबिरात ऑपरेशनआधी सगळ्यांच्या दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या यंत्रावर रक्तदाब बघत होते. सहादेवचा बघितला आणि तिथल्या डॉक्टरांनी थोडं थांबून पुन्हा बघितला. वरचा आकडा दोनशे दहा, खालचा एकशे वीस. एवढ्या दाबात डोळ्याला हत्यार लावलं तर आत रक्त सुटेल आणि आहे तीही नजर जाईल, असं त्यांनी सांगितलं. दाब उतरवा आणि पुढच्या शिबिराला या, म्हणाले.

सहादेवला ते पटलं नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, सकाळी दोन भाकरी खाऊन आलोय, मग आजार कसला? आपला नंबर कुणा वशिल्याच्या माणसाला दिला असणार, असंच तो परत येताना बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र मनकर्णा त्याला गावातल्या डॉक्टर मुथांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी त्याला आधी बाकावर टेकून बसवलं, बोलू नका म्हणाले, आणि मग दाब बघितला. आठवड्यानं परत बोलावलं, पुन्हा एकदा बोलावलं. माणूस घाबरलेला असला, चालून आलेला असला की आकडा चढतो, म्हणून एकदा बघून भागत नाही, असं ते म्हणाले. सहादेवचा आकडा तिन्ही वेळा चढलेलाच होता. काळीज रक्त पुढं ढकलतं तेव्हाचा जोर म्हणजे वरचा आकडा आणि ते सैल पडतं तेव्हा नळ्यांत उरलेला जोर म्हणजे खालचा, असं त्यांनी समजावलं. दोन्ही वाढलेले राहिले की मेंदू, काळीज, मूत्रपिंड आतून झिजतात आणि माणसाला पत्ता लागत नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि मीठ तोडायला सांगितलं. सहादेवची न्याहारी म्हणजे भाकरी, खारातली मिरची आणि वरून मिठाचा खडा. मनकर्णेनं खाराची बरणी माळ्यावर टाकली आणि त्याचं कालवण वेगळ्या भगुल्यात करायला लागली. पहिले काही दिवस तो अर्ध्या भाकरीवर उठायचा. शेजारची गोजरबाई तर म्हणालीच, की म्हाताऱ्याला उपाशी मारतेस का. महिन्याभरात दाब बराच उतरला.

आणि इथंच घोटाळा झाला. दाब उतरला म्हणजे आजार गेला, असं सहादेवनं मनाशी ठरवलं. शिवाय त्या गोळीनं नाक चोंदायचं, अंग जड व्हायचं, कशात मन लागायचं नाही. मनकर्णेच्या हातून गोळी घ्यायची आणि पाटाला चूळ भरायला जाऊन ती पाण्यात सोडायची, असं त्यानं चालवलं. नाक मोकळं झालं, त्याला बरं वाटू लागलं.

उन्हाळ्यात बागेत झाडांभोवती आळी करताना त्याच्या नाकातून रक्त सुरू झालं. सदरा भिजला तरी थांबेना. उष्णतेनं झालं, वाईट रक्त गेलं ते बरंच, असं बागेतले लोक म्हणाले. मनकर्णेनं त्याला खाली बसवून नाक दाबून धरलं आणि रक्त थांबल्यावर बैलगाडीत घालून मुथांकडे नेलं. दाब पहिल्यापेक्षाही वर गेला होता. डॉक्टरांनी विचारल्यावर सहादेवनं गोळ्यांचं सांगून टाकलं.

मुथा रागावले नाहीत. "सहादेवराव, आकडा उतरला तो गोळीनं उतरला," ते म्हणाले. "गोळी थांबली की तो परत चढणार. बरं वाटलं म्हणून सोडायचं औषध नव्हे हे. त्रास होत असेल तर मला सांगा, मी गोळी बदलतो. पाटात टाकू नका."

त्यांनी गोळी बदलली. नव्या गोळीनं लघवीला जास्त जावं लागे, पण नाक चोंदत नव्हतं. घरी आल्यावर मनकर्णा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. नंतर ती रोज समोर बसून त्याला गोळी गिळायला लावू लागली आणि त्यानं ते मुकाट चालवून घेतलं.

बहात्तरचा पाऊस पडलाच नाही. कालव्याचं आवर्तन लांबलं, मोसंबीची झाडं वाळली. नवी कलमं कोण बांधणार? तरी हिवाळ्यात शिबिर लागलं तेव्हा सहादेव एका शेजाऱ्याच्या सायकलवर मागं बसून श्रीरामपूरला गेला. रांगेत ढकलाढकली होती. नर्सबाईंनी पट्टा बांधला, आकडा बघितला आणि नाही म्हणून मान हलवली. एकशे ऐंशी.

"बाई, मी आत्ताच धावपळीनं आलोय," सहादेव म्हणाला. "जरा गप बसतो. मंग परत बघा."

नर्सबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तो डोळे मिटून बसला. दुसऱ्या वेळी एकशे छप्पन्न आणि नव्वद आला. डॉक्टरांनी चालेल म्हटलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तो न हलता पडून राहिला. पुढं जाड भिंगाचा चष्मा आला. त्यातून वस्तू मोठी आणि जवळ दिसे, त्यामुळं चाकू सालीत खोल जाई. जंबेरीच्या वाळक्या फांद्यांवर सराव करून हात बसवायला त्याला बरेच दिवस लागले. सोपट आवळायचं काम आता मनकर्णा करी.

त्याच सुमारास कोपरगावहून मनकर्णेचा भाऊ छगन आला. त्याला सारखी चक्कर येई. सहादेवनं त्याला मुथांकडे नेलं, सोबत मनकर्णाही गेली. छगनचा दाब अगदी ठीक निघाला, चक्कर कानातल्या बिघाडानं येत होती. आलाच आहात तर तुमचाही बघू, म्हणून डॉक्टरांनी मनकर्णेच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे नव्वद, एकशे दहा.

मनकर्णा यंत्राकडे बघत राहिली. सहादेवचं अळणी करता करता ती स्वतः मात्र नेहमीचंच खात आली होती.

"यंत्र बिघडलंय वाटतं," ती म्हणाली.

"न्हाई," सहादेव म्हणाला. "पुढच्या आठवड्यात परत यायचं. मी बी येतो संगं."

तिसऱ्यांदाही आकडा तसाच आल्यावर तिलाही गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून त्या घरात कालवण एकाच भगुल्यात शिजू लागलं.