घर बंद

कुकरची दुसरी शिट्टी होत होती, तेवढ्यात दार वाजलं. मतदार चिठ्ठ्या वाटणाऱ्या बाई होत्या. समोरच्या कुलपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे घर अजून बंदच का?"

"बंद कुठं? जयाताई आत आहेत."

जयाताई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. वीस वर्षं निवडणुकीच्या ड्यूटीवर लोकांच्या बोटांना शाई लावली. तीन वर्षांपूर्वी मणक्याला मार लागून पाय गेले, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. मुलगा चेतन पहाटे कंपनीत जाताना बाहेरून कुलूप लावतो, किल्ली माझ्याकडे देतो. मागच्या निवडणुकीत त्यांनी घरून मत देण्याचा फॉर्म भरला, तेव्हा अधिकारी घरी येऊन मत घेऊन गेले. पण तो फॉर्म दर निवडणुकीला नव्याने भरायचा, तोही पाच दिवसांत. या वेळी नेमके ते पाच दिवस मी लोणी काळभोरला आजारी बहिणीकडे होते. तेव्हा याच बाई फॉर्म घेऊन आल्या आणि कुलूप बघून 'घर बंद' लिहून गेल्या.

"अहो, हाक तरी मारायची!"

"कुलपाला कोण हाक मारतं?"

मी कुलूप काढलं. बाई पलंगाशी ओशाळून उभ्या राहिल्या.

"म्हणजे या वेळी माझं मत नाही?" जयाताईंनी विचारलं.

"मुदत संपली, मॅडम. आता केंद्रावरच यावं लागेल."

"दर वेळी नवा फॉर्म मागून, पाय परत आले का, हे काय विचारता? ते येणार नाहीत. घरून मत देणाऱ्यांच्या यादीत माझं नाव एकदाच, कायमचं लिहून घ्या."