कानबाई बसवलेलं दार

श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते, तिलाच आम्ही आई म्हणतो. रोटांचा प्रसाद मी घेतो, पण आईकडे मान वर करून बघायला अजून जड जातं. का, ते घरातही कधी बोललो नाही. आज लिहितो.

धुळ्यातल्या एका दवाखान्यात इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. वीज गेल्यावर लागणारे जिन्यातले दिवे तपासणं, संकटात बाहेर पडायचं मागचं दार मोकळं ठेवणं, हे माझंच काम. त्या वर्षी आम्ही दवाखान्यात कानबाई बसवली. जागा मीच दाखवली, मागच्या दाराच्या आतला बोळ. चौरंग थेट दाराला टेकवला. इथून कोण जातंय, म्हणालो. जिन्यातल्या दिव्यांच्या बॅटऱ्या उतरल्यात हे मला माहीत होतं. ते सण झाल्यावर बघू म्हटलं. फक्त बोळात चौरंगाच्या वर भिंतीवर असलेल्या तशाच दिव्याला नवी बॅटरी घातली, आई अंधारात नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या दाराजवळच्या वीजपेटीने पेट घेतला. वीज गेली, पुढची वाट धुराने भरली. आमच्या जिन्याला खिडकी नाही, भरदिवसा तिथे हाताला हात दिसेना. वरचे पेशंट चाचपडत निघाले. खाली एकच दिवा जळत होता, आईच्या डोक्यावरचा. त्याच्याकडे बघत सगळे उतरले आणि चौरंगापाशी येऊन अडले.

बसवलेली कानबाई विसर्जनाच्या आरतीआधी हलवत नाहीत. नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, सरकवा ना लवकर." आणि मी म्हणालो, "आरती व्हायचीय अजून." हो, खरंच म्हणालो. मागून धूर येत होता.

तेवढ्यात पिंपळनेरकडची एक म्हातारी पुढे आली. एका हाताने बाळंतीण सुनेला धरलेलं, दुसऱ्यात तान्ही नात. आवाज न चढवता म्हणाली, "उचल रे भाऊ मायले. तिले बी बाहेर जानं शे. तिले काय आठेच कोंडी ठेवशी का?"

आईला इथेच कोंडशील का, या प्रश्नाने माझे हात सुटले. कानबाईचा कलश उराशी धरला, चौरंग लाथेने सारला, कडी काढली. एकेक करून सगळे अंगणात आले. नात रडत होती. म्हातारीच्या पायांशी वाकलो, तर कलशाकडे बघत म्हणाली, "मना पाय सोड. आधी तिले सावलीमा ठेव."

तो दिवा कृपेने लागला की बॅटरीने, हा वाद मी घालत नाही. आईवर भार टाकायचा म्हणजे आपण हात बांधून बसायचं, असं मी समजत होतो. तिने स्वतःचाच भार माझ्या हातांत दिला.

आता कानबाई अंगणात बसते. दर महिन्याला मेन स्विच मी स्वतः बंद करतो आणि तो जिना उतरतो. न लागलेला दिवा त्याच दिवशी बदलतो, सण असो नसो. रिकाम्या बोळातून येऊन दार ढकलतो. ते उघडतं. तिथेच हात जोडले जातात.