बावीस नंबरचा खिळा

कंडक्टरमामा निवृत्त झाले, पण घंटा वाजवायचे थांबले नाहीत. कळमनुरीतल्या घराच्या दाराशी त्यांनी एसटीसारखी दोरी आणि घंटा बांधली होती. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुढच्या खोलीत चला. चारच माणसं बघायला आली तरी म्हणत, "पुढं सरका, मागून पब्लिक येऊन राहिली."

तीन खोल्या भरून बंजारा तांड्यांवरचा कशिदा, बैलांच्या झुली, रंगवलेली खेळणी. नोकरीच्या वाटेवरच्या गावांत कुणी जुनं टाकायला काढलं की मामा मागून घेत. घेताना बोली एकच: "लागंल तवा घेऊन जा, माय."

हे घर एका संस्थेकडे जाऊन गावाचं संग्रहालय होणार असं ठरलं, तेव्हा यादी करायला मला बोलावलं. मी क्रमांक घातले, मापं लिहिली. बावीस नंबरच्या पिशवीशी मामा वैतागले. "ताई, माप काहून? लिहा, सोनाबाईच्या मायनं केली, हात लई बारीक होता." मी दोन्ही लिहिलं.

उद्घाटनाला सोनाबाई स्वतः आली. बावीस नंबरच्या आरसे लावलेल्या कोथळीपुढे थांबली, पिशवीवरून हात फिरवला. "कंडक्टर, नातीचं लगीन हाय. मायच्या हातची कोथळी पोरीच्या खांद्याला पायजे."

मी मामांच्या कानाशी म्हटलं, "आता वस्तू बाहेर जात नाही. नियम आहे."

"नियम बराबर हाय तुमचा. माझा शब्द त्याच्या आधीचा हाय. तो चालत नसंल तर घर न्हाई देत मी." मामांनी कोथळी खिळ्यावरून काढली. संस्थेच्या अध्यक्षांचा चेहरा उतरला. घराच्या कागदांवर सह्या अजून व्हायच्या होत्या.

मी पट्टी घेतली आणि यादीत एक रकाना आखला: 'लग्नाला गेली', शेजारी 'परत आली'. सोनाबाईनं अंगठा दिला. अध्यक्षांनी रकाना दोनदा वाचला. "लिहून जाणार असेल तर हरकत नाही," म्हणाले आणि त्यांनी सही केली.

आठव्या दिवशी कोथळी आली, हळदीचा डाग घेऊन. सोबत तांड्यावरच्या दोघी, आपापल्या जुन्या कशिद्याची गाठोडी संग्रहालयात ठेवायला. मी डागाकडे बघतेय हे मामांनी ओळखलं. "धुऊ नका ताई. तोबी लिहा."

मामा गेल्या वर्षी गेले. आता घंटा माझ्याकडे आहे. परवा एका पाहुण्यानं विचारलं, बावीस नंबरचा खिळा रिकामा कसा?

"लग्नाला गेलीय," मी म्हटलं, "सोमवारी येईल." आणि दोन टोले दिले.