काल मुलानं काय खाल्लं?

किस्से आम्ही गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. दर सहा महिन्यांनी त्याच त्या मुलांचं जेवण कसं बदललं, हे मोजायचं आमचं काम. कुंदाताई पनवेलच्या आसपासच्या गावांत फिरून आयांना विचारतात, "काल मुलानं काय खाल्लं?" मी नवीन पनवेलच्या ऑफिसात बसून उत्तरांवरून आकडेवारीचं मॉडेल बांधते. फॉर्मच्या शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. मॉडेलला त्याचं काही करता येत नाही, म्हणून तो माझ्या डोक्यात साठतो.

आणि हो, माझी मनवा साडेचार वर्षांची आहे आणि काही खात नाही. डॉक्टर म्हणतात, वजन ठीक आहे. मला पटत नाही. शेकडो मुलांचे आलेख माझ्या लॅपटॉपमध्ये, आणि घरी एका पोळीला पाऊण तास.

*

पहिल्या फेरीत नेरे गावची सगळी मुलं आदर्श निघाली. वरण, भात, पालेभाजी, अंडं, वर केळं. नेऱ्याला जमतं ते मला जमत नाही, म्हणून मी दोन दिवस उदास.

पुढच्या फेरीत कुंदाताईंनी एका आईला विचारलं, "काल काय सण होता काय?"

"सण कसला? तुमी येनार म्हनून फोन नाय का केला आदल्या दिवशी?" बाई म्हणाली. "तुमी रोज या ना ताई. पोर रोज जेवंल."

फोन करणं बंद केलं. एका फेरीत नेऱ्याची मुलं मनवाच्या पातळीवर आली. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

*

सगळ्यांनी एकाच मापानं मोजावं म्हणून आम्ही घरोघरी एकेक स्टीलची वाटी दिली. उलव्याच्या एका मुलाचा भात सहा महिन्यांत दुप्पट झाला. मी मॉडेल तीनदा तपासलं. शेवटी कुंदाताई घरी जाऊन आल्या.

वाटी आजोबांनी दाढीच्या पाण्याला घेतली होती. घरचे भात चहाच्या छोट्या कपानं मोजत होते.

*

एक आजी मात्र ठाम. "लेकराचं जेवन मोजू नये. नजर लागते." मग दर वेळी एक भाकरी कमी सांगायची. सून मागून खुणा करायची, कुंदाताई शेऱ्यात लिहायच्या.

मी आमच्या प्रकल्पाच्या सरांना म्हटलं, "हे घर गाळूया का? आजी खोटं बोलतात."

सर खूश. "पण दर वेळी सारखंच खोटं बोलतात ना? आपल्याला बदल मोजायचाय. अशी माणसं मिळत नाहीत हो. खरं बोलणारेच मेले दर वेळी वेगळं बोलतात."

*

आता माझं. मी दोन महिने मनवाच्या जेवणाची वही ठेवली आणि सरांना न विचारता ती मॉडेलमध्ये घातली. रेघ खाली खाली गेली. पहिलीत जाईपर्यंत पोरगी नुसत्या दहीभातावर येणार, असं दिसत होतं. मी स्क्रीनकडे बघत बसले.

सर मागून म्हणाले, "एका मुलाची रेघ ही रेघ नसते. आणि वही आईनं लिहिलेली असेल तर अजिबातच नसते."

कुंदाताईंनी रेघ पाहिलीच नाही. वही घेतली, पानं उलटली.

"मॅडम, गुरुवारी काय असतं? गुरुवारी बरी जेवते की पोर."

गुरुवारी संध्याकाळी सरांची ऑनलाइन मीटिंग असते. मी आतल्या खोलीत दार लावून बसते, मनवाला माझा नवरा निखिल वाढतो.

घरी जाऊन मी निखिलला धरलं. "तू वेगळं काय करतोस?"

"काही नाही. दोन ताटं घेतो आणि माझं माझं जेवतो."

"गोष्ट सांगतोस? मोबाइल देतोस?"

"अगं, मला भूक लागलेली असते."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मीटिंग नव्हती. तरी साडेसातला मी लॅपटॉप घेऊन आत गेले, दार लावलं, हेडफोन चढवला आणि बंद स्क्रीनपुढे बसले. मधूनमधून मोठ्यानं "हो सर" म्हणत होते.

वीसेक मिनिटांनी दार थोडं उघडलं. फटीत मनवा, हनुवटीला वरण.

"आई, मीटिंग संपली?"

"संपतच आली. का गं?"

ती हळूच म्हणाली, "अजून थोडा वेळ ठेव ना. मला अजून एक पोळी हवीय."