मारुतीपुढे पालथे झालेले बाबा

कृपेबद्दल मी लिहावं, हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच, आणि भक्तीतलं मला फारसं कळत नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

त्या उन्हाळ्यात बाबांच्या कमरेखालून डाव्या पोटरीपर्यंत अशी कळ जायची की उभ्याउभ्या घाम फुटायचा. मालिश झाली, शेक झाला. कोणी म्हणालं, ऑपरेशन लागेल. बाबा अंथरुणाला खिळले तर बांध्यांतली, म्हणजे भातखाचरांतली, धानाची रोवणी माझ्यावरच येणार होती. मी मनातून कॉलेज सोडलं होतं, आणि देवालाही.

मोहाडीहून भंडाऱ्याला डॉक्टरांकडे निघालो, तर एसटीत बाबांना बसवेना. दांडा धरून ते एका पायावर उभे राहिले. शेजारच्या बाईंनी बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, कळ पोटरीत उतरते का? त्या फिजिओथेरपिस्ट निघाल्या. आम्ही त्यांना शोधलं नव्हतं, एवढंच मी सांगू शकतो.

भंडाऱ्यात आपल्या दवाखान्यात नेऊन त्यांनी बाबांना टाचांवर चालवलं, पायातली ताकद पाहिली, रिपोर्ट पाहिले. ऑपरेशनची घाई नको म्हणाल्या आणि कमरेपासून तपासू लागल्या.

"पाय दुखते तं कमरेले काहून धरता, बाई?"

"काका, तलावाजवळच पाट दबला तं शेवटच्या बांधीले समजतेच ना? नस कमरेत दबली आहे, कळ पायात जाऊन राहिली."

बाबा हसले. कित्येक दिवसांनी.

व्यायाम साधा होता. पालथं झोपायचं आणि हातांवर हळूहळू छाती उचलायची. पण भरदिवसा घरात पालथं पडायची बाबांना लाज. बाई म्हणाल्या, मग देवापुढे करा. तेव्हापासून बाबा सकाळ-संध्याकाळ मारुतीच्या देवळात दंडवत घालू लागले. पारावरचे सोबती विचारत, "कोणता नवस बोलला गा? मारुती थकला तुले पाहून."

मी भंडाऱ्याला कॉलेजात परतलो आणि आईचा फोन आला. पोटरीतलं दुखणं वर चढून कमरेत जमा झालं होतं. ती रडत होती. मी धावत बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की दुखणं पाय सोडून कमरेत येणं हे चांगलं लक्षण आहे, व्यायाम थांबवू नका. बाबांनी कारणही विचारलं नाही. पुन्हा जमिनीला छाती टेकली, पुन्हा स्वतःच्याच हातांनी वर उचलली. शरण जाणं म्हणजे हात जोडून बसणं, असं मला वाटायचं. बाबांनी ते अंग मोडून करून दाखवलं. मारुतीचे आणि बाईंचे उपकार मला वेगळे करता येत नाहीत, करायचेही नाहीत.

रोवणी लागली. मी बॅग भरून फोनची वाट पाहत होतो. शेवटी आईचा फोन आला.

"तुहे बाबा सकाळपासून बांधीत आहेत. तुले येऊ नको म्हणून राहिले, कॉलेजात जा म्हणते."